तेजपूरहून आलेला शेरा आणि त्याच्या रक्तातले जंत

देवळाली कॅम्पमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टर आर्मीत, अडीच वर्षं आसामात तेजपूरला होते, चार महिन्यांपूर्वी बदली होऊन इथे आले. सोबत त्यांचा लॅब्रेडॉर शेरा, वय पाच, वजन तीस किलो. त्याला महिनाभर कोरडा खोकला आहे आणि फिरायला नेलं की अर्ध्या वाटेत बसतो. इथे रक्त तपासलं तर रिपोर्टवर ‘मायक्रोफायलेरिया दिसले’ असं लिहून आलं. ओळखीच्या एकांनी सांगितलं, हे हार्टवर्म आहे, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्या, दोन दिवसांत जंत मरतील. इंजेक्शन आणूनही ठेवलंय. ते द्यावं का? घरात मनी नावाची मांजर आणि सात वर्षांचा मुलगा आहे, त्यांना धोका आहे का? आणि यापुढे काय काळजी घ्यायची?

नमस्कार ताई.

ते इंजेक्शन देऊ नका. मुलाच्या हाताला लागणार नाही असं उंच ठेवा आणि शेराला या आठवड्यातच डॉक्टरांना पुन्हा दाखवा. घाबरण्यासारखं नाही, पण रेंगाळण्यासारखंही नाही. खोकला आणि लवकर दमणं ही दोन लक्षणं, त्यात अडीच वर्षं आसामातला मुक्काम, हे एकत्र आलं की मी ते गंभीरपणेच घेतो.

आधी इंजेक्शनचं सांगतो, कारण नुकसान तिथेच सर्वांत लवकर होतं. हार्टवर्म, म्हणजे हृदयात आणि फुप्फुसाच्या धमन्यांत राहणारा जंत, होऊ नये म्हणून कुत्र्याला महिन्याला आयव्हरमेक्टिन लागतं ते किलोमागे फक्त ६ मायक्रोग्रॅम. तीस किलोच्या शेराला म्हणजे १८० मायक्रोग्रॅम. दुकानात मिळणारं गाईगुरांचं एक टक्क्याचं इंजेक्शन असतं, त्याच्या एका मिलीत १०,००० मायक्रोग्रॅम औषध. हिशेब केला तर एका मिलीत शेराचे पंचावन्न महिन्यांचे डोस बसतात. त्याला लागणारा डोस ०.०१८ मिली, तो साध्या सिरिंजवर मोजताच येत नाही. घरी ‘थोडंसंच’ दिलं तरी ते किती पट होतं, तुम्हीच बघा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रक्तात मायक्रोफायलेरिया, म्हणजे जंतांची पिल्लं, भरपूर असताना असा मोठा डोस गेला तर हजारो पिल्लं एकदम मरतात आणि कुत्र्याचं अंग ते सहन करू शकत नाही. काही तासांत उलट्या, हिरड्या पांढऱ्या, पाय गळून कुत्रा खाली. हे औषध द्यायचंच असेल तेव्हा आम्ही आधी स्टेरॉइडचं कवच देतो, कुत्र्याला अर्धा दिवस दवाखान्यात ठेवतो, नाडी आणि हिरड्या बघत बसतो. घरी हे जमणारं काम नाही.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपूरहून रात्री अकराच्या सुमाराला एक कोली जातीचं संकरित कुत्रं माझ्याकडे आणलं होतं. गोचीड झाली म्हणून गाईच्या मापाने आयव्हरमेक्टिन टोचलं होतं. तोंडातून लाळ, बाहुल्या फाकलेल्या, डोळ्यांना दिसत नव्हतं, टेबलाच्या पायाला धडकत होतं. पहाटेपर्यंत बेशुद्ध. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी आणि त्यांच्या संकरांमध्ये एक जनुकीय दोष वारंवार आढळतो, त्यामुळे हे औषध थेट मेंदूत शिरतं. चार दिवस सलाईनवर ठेवून ते वाचलं, दृष्टीही आठवड्याभराने परत आली. त्याचे मालक शिकलेसवरलेले, प्रेमळ लोक होते. चुकीचं माप कुणीतरी विश्वासाने सांगितलं, एवढंच. शेरा लॅब्रेडॉर आहे, त्याला हा दोष असण्याची शक्यता कमी. पण रक्तात मायक्रोफायलेरिया असताना त्याला वेगळा, तितकाच मोठा धोका आहे.

आता मुख्य मुद्दा. रिपोर्टवर ‘मायक्रोफायलेरिया’ लिहिलंय, ‘हार्टवर्म’ लिहिलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. मायक्रोफायलेरिया म्हणजे रक्तात फिरणारी जंतांची सूक्ष्म पिल्लं. ती कोणत्या जंताची, हे त्या शब्दावरून कळत नाही. आपल्याकडे कुत्र्यांत अशी पिल्लं सोडणारे जंत किमान तीन. डायरोफायलेरिया इमिटिस म्हणजे खरा हार्टवर्म. डायरोफायलेरिया रेपेन्स, हा कातडीखाली राहतो. तिसरा पिसवांमधून येतो, तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. भारतात हार्टवर्मच्या नोंदी प्रामुख्याने ईशान्येकडच्या, म्हणजे आसाम, मिझोराम या भागातल्या. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याकडे रेपेन्स जास्त. म्हणून नाशकातच जन्मलेल्या, कधी बाहेर न गेलेल्या कुत्र्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया दिसले की माझ्या मनात आधी रेपेन्स येतो. शेराच्या बाबतीत मात्र मध्ये तेजपूरचा मुक्काम आहे. तिथल्या दोन-तीन पावसाळ्यांत त्याला खऱ्या हार्टवर्मची लागण झाली असण्याची शक्यता मी खूप वर धरतो.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी याच जागी चूक केली होती. पंचवटीतल्या एका कुटुंबाच्या कुत्र्याच्या रक्तात पिल्लं दिसली आणि मी पुढची तपासणी न करताच ‘हृदयात जंत आहेत’ असं सांगून टाकलं. त्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. पुढे त्याच कुत्र्याच्या बरगडीवर सुपारीएवढी गाठ आली. ती उघडली तर आत पांढरा दोरा, बोटापेक्षा लांब आणि चक्क वळवळणारा. तो रेपेन्स होता. हृदय ठणठणीत होतं. तेव्हापासून जंताचं नाव ठरल्याशिवाय मी घरच्यांना काही सांगत नाही.

हार्टवर्मचं चक्र एकदा समजून घेतलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. डास बाधित कुत्र्याला चावला की रक्ताबरोबर ही पिल्लं डासाच्या पोटात जातात. तिथे ती वाढतात, उष्ण हवेत, सत्तावीस अंशांच्या आसपास, दहा ते चौदा दिवसांत तयार होतात आणि डासाच्या सोंडेत येऊन बसतात. तोच डास पुढच्या कुत्र्याला चावला की अळी सोंडेतून कातडीवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरते. पहिले दोन महिने ती कातडीखाली आणि स्नायूंत वाढत राहते. मग रक्तात शिरून फुप्फुसाच्या धमनीत पोचते. सहा-सात महिन्यांनी ती पूर्ण वाढते, मादी नवी पिल्लं सोडू लागते. ती पिल्लं त्याच कुत्र्यात मोठी होऊ शकत नाहीत, त्यांना मध्ये डास लागतोच. म्हणून शेराला चाटून, त्याच्या ताटात खाऊन किंवा त्याच्याजवळ झोपून हा आजार कुणालाही होत नाही.

पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना फॉर्मलिनच्या बरणीत ठेवलेलं एक हृदय आम्हाला दाखवलं होतं. उजवी बाजू उघडून ठेवलेली, आणि धमनीच्या तोंडातून शिजलेल्या शेवयांचा गुंता बाहेर आल्यासारखे जंत. पांढरे, गुळगुळीत, एकात एक अडकलेले. त्या धमनीतून रक्त पुढे कसं जात असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. नाव हार्टवर्म असलं तरी त्यांचं खरं घर फुप्फुसाच्या धमन्यांत. तिथलं अस्तर ते खरवडतात, धमन्या जाड आणि वेड्यावाकड्या होतात आणि उजव्या हृदयाला रक्त ढकलायला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून खोकला, म्हणून फिरताना बसणं. पुढे वजन उतरतं, पळताना चक्कर येऊन पडणं होतं, पोटात पाणी साठतं. जंतांची संख्या फार वाढली तर ते मागे हृदयात आणि मोठ्या शिरेत येतात. लघवी कॉफीसारखी काळपट होते आणि कुत्रा कोसळतो. तेव्हा गोळ्यांचा उपयोग नसतो, मानेच्या शिरेतून जंत ओढून काढावे लागतात. कुत्र्याच्या अंगात हे जंत पाच ते सात वर्षं जगतात.

आता तपासणीचं. शेराला शक्यतो संध्याकाळी रक्तासाठी घेऊन जा. या पिल्लांची रक्तातली वर्दळ संध्याकाळी आणि रात्री वाढते. काचेवर ताज्या रक्ताचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादी जागा खदखदत असलेली दिसते, जणू पेशींना कुणी आतून कोपर मारतंय. हार्टवर्मचं पिल्लू साधारण एकाच जागी वळवळतं, पिसवांमधून येणारं सरळ पुढे पळत जातं. पण एवढ्यावर नाव ठरत नाही. एक मिली रक्त नऊ मिली पातळ फॉर्मलिनमध्ये मिसळून, फिरवून, खालचा गाळ निळ्या रंगाने रंगवून बघतात, त्याला नॉट्स टेस्ट म्हणतात. त्यात डोक्याचा आणि शेपटीचा आकार दिसतो. हार्टवर्मचं डोकं निमुळतं, शेपटी सरळ, रेपेन्सचं डोकं बोथट. तरीही शंका राहिली तर पीसीआर, म्हणजे जनुकांवरून जंत ओळखायची टेस्ट.

याबरोबर अँटिजेन टेस्ट करून घ्या. छोट्या किटवर रक्ताचे दोन-तीन थेंब टाकायचे, दहा मिनिटांत रेघ उमटते. बऱ्याच किटमध्ये हीच टेस्ट गोचिडांच्या तापाच्या टेस्टबरोबर येते, म्हणजे एका सुईत दोन कामं. ही टेस्ट पूर्ण वाढलेल्या मादीच्या शरीरातून निघणारं प्रथिन पकडते. त्यामुळे पॉझिटिव्ह आली तर जवळजवळ खात्रीने हार्टवर्म. निगेटिव्ह आली तर मात्र ‘सुटलो’ असं लगेच म्हणायचं नाही. फक्त नर असतील, एखाद-दुसरीच मादी असेल किंवा लागण अजून कोवळी असेल तर रेघ उमटत नाही. तुमच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा नीट ध्यानात ठेवा. तेजपूर सोडून चारच महिने झाले. शेवटच्या आठवड्यांत तिथल्या डासाने दिलेली अळी आज वाढत असेल, टेस्टला ती दिसणार नाही. म्हणून आज काहीही आलं तरी सहा महिन्यांनी टेस्ट पुन्हा करायचीच.

छातीचा एक्स-रे आणि टू-डी एको हवेत. एक्स-रेत उजवं हृदय फुगलेलं, धमन्या जाड दिसतात. एकोत जंत असेल तर धमनीच्या काळ्या पोकळीत दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, अगदी बरोबरीच्या चिन्हासारख्या. शिवाय प्लेटलेट्स, लिव्हर, किडनी, लघवीतलं प्रोटीन. खोकल्याची इतर कारणंही याच टप्प्यात तपासली जातील: हृदयाच्या झडपांचे आजार, केनेल कफ म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, गोचिडांचा ताप. रक्तात रेपेन्सची पिल्लं आणि खोकला मात्र दुसऱ्याच कारणाने, असंही घडू शकतं.

समजा हार्टवर्मच निघाला. उपचार आहे, आणि शेराच्या वयाचा, फार बिघडलेला नसलेला कुत्रा बहुतेक वेळा बरा होतो. पण ही महिन्यांची लढाई आहे, दोन दिवसांची नव्हे. जगभर मान्य पद्धत अशी: आधी डॉक्सीसायक्लिन, किलोमागे १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २८ दिवस. हार्टवर्मच्या अंगात व्होल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, ते या औषधाने मरतात. त्यामुळे जंत अशक्त होतो, पुढे मेल्यावर फुप्फुसात होणारी आग कमी होते. सोबत महिन्याला एकदा प्रतिबंधक औषध, म्हणजे नव्या अळ्या टिकत नाहीत. त्यानंतर मेलार्सोमिन नावाचं आर्सेनिकचं औषध कमरेच्या स्नायूत खोल टोचतात. एक इंजेक्शन, मग महिन्याभराने चोवीस तासांच्या अंतराने दोन.

मेलार्सोमिन आपल्याकडे सहज मिळत नाही. ते नसेल तर डॉक्सीसायक्लिन आणि दर महिन्याला मोक्सिडेक्टिनचे मानेवर टाकायचे थेंब, अशी जोडी वापरतात. तिनेही जंत मरतात, पण हळूहळू. दहा महिने ते दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. तोवर धमन्यांचं नुकसान थोडंफार चालूच राहतं, हे मी मालकांना आधीच स्पष्ट सांगतो. तुमच्या डॉक्टरांना मेलार्सोमिनची सोय करता येते का, ते विचारून बघा. मुंबई किंवा पुण्याच्या मोठ्या केंद्राशी त्यांचा संपर्क असतो. मिळत असेल तर माझं मत तिकडे आहे.

कोणतीही पद्धत असो, एक पथ्य उपचाराच्या निम्म्या मोलाचं आहे: विश्रांती. मेलेला जंत विरघळून जात नाही, त्याचे तुकडे फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतात. कुत्रा पळाला, उड्या मारल्या, गेटवर भुंकत धावला की हृदय जोराने रक्त फेकतं आणि तुकडे आणखी आत जाऊन बसतात. मेलार्सोमिननंतरचे सहा ते आठ आठवडे शेराला अक्षरशः दोरीला धरून, लघवी-शीपुरतं अंगणात न्यायचं आणि परत आणायचं. लॅब्रेडॉरला हे शिक्षेसारखं वाटतं, मला माहीत आहे. ‘आज अगदी फ्रेश होता, म्हणून मैदानावर सोडला’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. लेकाला विश्वासात घ्या. चेंडू काही महिने माळ्यावर टाका आणि त्याऐवजी शेराजवळ बसून त्याला घासणं, कान साफ करणं हे काम मुलाकडे द्या. दोघांनाही बरं वाटेल.

खोकल्यासाठी ॲस्पिरिन देऊ नका. पूर्वी देत असत, आता फायद्यापेक्षा तोटा जास्त म्हणून सोडून दिलंय. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागेल का, ते डॉक्टर ठरवतील.

उलट, नुसता रेपेन्स निघाला तर हृदयाला धोका नाही. तेच मोक्सिडेक्टिनचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने, गाठी असतील तर काढून टाकायच्या.

आता मनी. मांजरांत हार्टवर्म कुत्र्यांपेक्षा कमी, कारण मांजर त्याला नीट वाढू देत नाही. बरेचसे जंत अर्धवटच मरतात. पण त्या मरण्यातच मांजराचं नुकसान होतं. कोवळे जंत लागणीनंतर तीन-चार महिन्यांनी फुप्फुसात पोचतात आणि तिथे मरतात तेव्हा मांजराला दम्यासारखा त्रास होतो. मान पुढे ताणून, पोट आत ओढत श्वास घेणं, खोकणं, खाण्याशी संबंध नसलेल्या उलट्या. एखाद-दोन जंत मोठे झाले तर दोन ते चार वर्षं जगतात, आणि तो एक जंत मेला त्या दिवशी मांजर अचानक दगावू शकतं. मांजराच्या रक्तात पिल्लं सहसा सापडत नाहीत, अँटिजेन टेस्टही बहुधा निगेटिव्ह येते, त्यामुळे निदान कठीण. आणि मुख्य म्हणजे उपचारच नाही म्हणावा इतका तोकडा: मेलार्सोमिन मांजराला चालत नाही, स्टेरॉइडने त्रास दाबायचा आणि जंत आपोआप जाण्याची वाट बघायची. म्हणून मांजरात प्रतिबंध हाच काय तो उपचार. मनीला सेलामेक्टिनचे किंवा मांजरासाठीच्या मोक्सिडेक्टिनचे थेंब महिन्यातून एकदा सुरू करा. ती घराबाहेर जात नसली तरी. डास तर घरात येतात ना.

इथे हात जोडून एक विनंती. शेराचे थेंब मनीला लावू नका. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. इंदिरानगरमधल्या एका घरी कुत्र्याची उरलेली अर्धी नळी मांजराच्या मानेवर रिकामी केली होती. माझ्याकडे आणलं तेव्हा ते पिल्लू नखांपासून शेपटीच्या टोकापर्यंत थरथरत होतं, टेबलाचा पत्रा वाजत होता. ते वाचलं, सगळीच वाचत नाहीत. परमेथ्रिन लावलेल्या कुत्र्यालाही मांजराने चाटू नये, म्हणून शेरासाठी उत्पादन निवडतानाच ‘घरात मांजर आहे’ हे सांगा. गळ्यात कापराच्या वड्या बांधणं, अन्नात लसूण घालणं, मांजराला सुगंधी तेलं चोळणं, हे घरगुती उपायही करू नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात, लसणाने तांबड्या पेशी फुटतात.

मुलाचं सांगतो. माणसात हे जंत सहसा पूर्ण वाढत नाहीत. क्वचित डासामार्फत अळी आली तर हार्टवर्म फुप्फुसात एखादी छोटी गाठ करतो, रेपेन्स कातडीखाली किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागाखाली सापडतो. डोळ्यातून असा जंत काढल्याच्या नोंदी भारतात आहेत. पण हे विरळ, आणि शेराच्या स्पर्शाने नाही, डासाने. मच्छरदाणी लावा, मुलाला शेरापासून तोडू नका.

आता यापुढची काळजी. महिन्याच्या गोळीबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की मी रोज एकदा तरी तो काढतो. लोकांना वाटतं, गोळी दिली म्हणजे पुढचा महिना संरक्षण. प्रत्यक्षात ती मागच्या महिन्याची झाडलोट करते. गेल्या तीस दिवसांत डासांनी ज्या अळ्या सोडल्या, त्या अजून कोवळ्या असतात आणि औषधाने मरतात. दोन महिने उलटले की त्या पक्क्या होतात, मग हीच गोळी त्यांचं फारसं काही बिघडवत नाही. म्हणून जुलैची गोळी सप्टेंबरमध्ये दिली तर जुलैमध्ये शिरलेली अळी निसटली असं समजायचं. माझ्या बऱ्याच पेशंटच्या घरी गोळीची तारीख दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, पगाराच्या तारखेला लिहिलेली असते. ती पद्धत मला फार आवडते.

दर तीन महिन्यांनी देतो त्या नेहमीच्या जंताच्या गोळीने हार्टवर्म थांबत नाही. ती आतड्यातल्या जंतांची. हार्टवर्मसाठी आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, सेलामेक्टिन किंवा मोक्सिडेक्टिन यापैकी एक लागतं, कुत्र्याच्या मापाने बनवलेलं. आयव्हरमेक्टिनची महिन्याला एकदा द्यायची गोळी १९८७ साली अमेरिकेत आली आणि कुत्र्यांचं नशीबच बदललं. ज्या शोधातून हे औषध आलं त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. योग्य मापात ते इतकं सुरक्षित आहे की कोली जातीलाही प्रतिबंधाचा डोस चालतो. पिल्लांना आठव्या आठवड्यापासून सुरू करता येतं. सात महिन्यांच्या पुढच्या कुत्र्याला मात्र आधी टेस्ट, मग औषध.

नाशकात बारा महिने द्यावं का? अमेरिकन हार्टवर्म सोसायटी बारा महिने सांगते. आपल्याकडे लोक म्हणतात, थंडीत डास नसतात. साधारण चौदा अंशांच्या खाली डासाच्या पोटातल्या अळीची वाढ थांबते, हे खरं. निफाडला पहाटे पारा पाच-सहावर येतो, हेही खरं. पण त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीस असतो, दिवसाची सरासरी चौदाच्या बरीच वर राहते. वाढ मंदावते, थांबत नाही. शिवाय वालदेवी आणि नासर्डीच्या काठचं तुंबलेलं पाणी, द्राक्षपट्ट्यातली शेततळी, कुलरच्या टाक्या, यातले डास ऋतू बघत नाहीत. माझं मत असं: बाहेर प्रवास करणारा, ईशान्येकडून किंवा किनारपट्टीवरून आलेला, रात्री अंगणात झोपणारा कुत्रा असेल तर बारा महिने. कधीच बाहेर न गेलेल्या, घरात झोपणाऱ्या कुत्र्याला निदान जून ते जानेवारी चुकवू नये, आणि वर्षातून एकदा गोचिडांच्या टेस्टबरोबर ही टेस्ट करावी. तुमची पुढची बदली कुठे होईल सांगता येत नाही, शेरा आणि मनी दोघांनाही बारा महिने द्या.

डासांकडेही बघा. देवळालीतल्या बंगल्यांना मोठी आवारं, कुंड्या आणि जुने हौद असतात. कुंडीखालच्या बशा, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, पत्र्यावर पडलेला टायर दर आठवड्याला रिकामे करा, कारण डासाच्या अळीला अंड्यापासून पंख फुटायला आठवडा-दहा दिवस पुरतात. शेराला संध्याकाळी सहानंतर आत घ्या, त्याच्या जागेवर पंखा लावा. ही फक्त त्याच्या भल्याची गोष्ट नाही. आज त्याच्या रक्तातली पिल्लं देवळालीच्या डासांना मिळतायत, आणि ते डास शेजाऱ्यांच्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांनाही चावतात. त्याचं रक्त स्वच्छ होईपर्यंत त्याला डासांपासून लांब ठेवणं आपल्या हातात आहे.

दवाखान्यात जाताना शेराचं तेजपूरचं लसीचं कार्ड आणि तिथे कधी, कोणती जंताची औषधं दिली त्याच्या चिठ्ठ्या घ्या, आणून ठेवलेलं ते इंजेक्शनही डॉक्टरांना दाखवा. त्याचा खोकल्याचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, दवाखान्यात कुत्री नेमकी खोकत नाहीत. आणि दवाखाना जवळ असला तरी शेराला चालवत नेऊ नका, रिक्षा करा.